ताईची टपालपेटी : दादाला एक्कावन्न टक्के, आता पुढं काय?

बालमित्रांनो,

या आठवड्यात टपालपेटी उघडली तर नेहमीसारखीच गंमत. कोडी, चुटके, पावसाची चित्रं, आणि एका पठ्ठ्यानं पाठवलेलं मोराचं पीस! पण त्या ढिगात वहीची दोन पानं फाडून लिहिलेलं एक पत्र होतं. ते वाचलं आणि बाकीचं सगळं बाजूला ठेवलं. पत्र लातूरचं आहे. लिहिणारी आठवीत आहे. कोपऱ्यात तिनं ‘नाव छापू नका’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात, म्हणून नाव छापत नाही. पत्र मात्र वाचा.

‘प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

माझा दादा नांदेडला बी.एस्सी. करत होता. त्याचा निकाल लागला. एक्कावन्न टक्के पडले. त्याला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करायचंय. पण पप्पा म्हणाले, एवढ्या मार्कांवर पुढं कोण घेतंय, आता दुकानात बसायला लाग. काका म्हणाले, पहिल्या वर्षी दोन विषय राहिले तेव्हाच समजायला पाहिजे होतं. तेव्हापासून दादा कोणाशी बोलत नाही. जेवायलासुद्धा उशिरा येतो.

ताई, दादा हुशार आहे हो. मला विज्ञान तोच शिकवतो. पहिल्या वर्षी आमचं सोयाबीन गेलं होतं म्हणून तो संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम करायचा. आणि दहावीपर्यंत मराठी, मग एकदम सगळं इंग्रजीत. त्याचे सहा सेमिस्टरचे टक्के मी त्याच्या फाईलमधून लिहून घेतलेत : ४२, ४४, ४८, ५३, ५८, ६१. एकदा मार्क कमी पडले की सगळंच संपतं का?

ता.क. मला सहामाहीत गणितात शंभरपैकी ४१ पडलेत. घरी अजून सांगितलं नाही.’

मैत्रिणी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ता.क.चं उत्तर शेवटी देते. आधी दादाचं पाहू. आणि बाकीच्या मित्रांनो, तुम्हीसुद्धा पुढं वाचा बरं का. आज हा प्रश्न हिच्या दादाचा आहे, उद्या तुमच्यापैकी कुणाचाही असू शकेल.

सरासरी काय सांगते, काय लपवते

पेन्सिल घ्या. ४२, ४४, ४८, ५३, ५८, ६१. बेरीज करा. किती आली? ३०६. भागिले ६. उत्तर ५१. बरोबर!

आता हेच आकडे उलटे लिहा. ६१, ५८, ५३, ४८, ४४, ४२. बेरीज? तीच. सरासरी? तीच, ५१.

पण ही दोन मुलं सारखी आहेत का? एक मुलगा जिना चढतोय, दुसरा उतरतोय. मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडली, एवढंच. सरासरी पायरीचा नंबर सांगते. मुलगा वर चाललाय की खाली, हे ती सांगत नाही. तू मात्र सहा आकडे ओळीनं लिहून पाठवलेस, म्हणून मला दिसलं की तुझा दादा चढतोय. ही ओळ त्यानं स्वतःही नीट पाहिली आहे की नाही, कोण जाणे. आज त्याला दाखव.

आता खरी गोष्टही सांगते, कारण खोटा धीर देऊन काही उपयोग नाही. ज्या ठिकाणी फक्त एकूण टक्क्यांवर यादी लागते, तिथं ६५ टक्केवाल्याचं नाव आधी येणार आणि दादाचं मागे राहणार. कुठं ‘किमान ५५ टक्के’ अशी अट असेल, तर ते दार आज बंदच आहे. त्यावर रागावून काही होत नाही. पण सगळ्या दारांना एकच कुलूप नसतं. म्हणून पहिलं काम हे, की कुठलं दार काय मागतं ते शोधायचं.

दारं किती, आणि कुणाची अट काय

पदवीनंतरच्या शिक्षणाला पदव्युत्तर शिक्षण म्हणतात. एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम., एम.टेक., एम.बी.ए. ही सगळी त्यातलीच भावंडं. जाहिरातीत दोन वेगळे शब्द येतात, ते नीट ओळखा. एक ‘पात्रता’, म्हणजे अर्ज करता येईल का. दुसरा ‘गुणवत्ता’, म्हणजे अर्ज केलेल्यांत आपला नंबर कुठं. पुष्कळ मुलं दुसऱ्याच्या भीतीनं पहिलं वाचतच नाहीत.

काही ठिकाणी पदवीचे गुण पाहतात, काही ठिकाणी प्रवेश परीक्षा घेतात, काही ठिकाणी दोन्ही. उदाहरणं पाहा.

‘गेट’ नावाची परीक्षा आहे. एम.टेक.साठी ती प्रसिद्ध आहे, पण तिच्यात फिजिक्सचाही पेपर असतो. या परीक्षेला बसायला पदवीच्या टक्क्यांची अट नाही. तिचा गुणांक तीन वर्षं चालतो. नंतर प्रवेश देणारी संस्था स्वतःची अट लावू शकते, ती मात्र त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकात पाहावी लागते.

आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी. करायची असेल तर ‘जॅम’ ही परीक्षा असते. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून ‘सीयूईटी-पीजी’ सुरू झाली. या परीक्षांत नवा पेपर, नवी उत्तरपत्रिका. तीन वर्षांपूर्वी सोयाबीन गेलं होतं की नाही, हे तो पेपर विचारत नाही.

ज्यांना एम.बी.ए. करायचंय त्यांच्यासाठी : ‘कॅट’ परीक्षेला पदवीला ५० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५. म्हणजे ५१ टक्केवाला इथं उंबरठ्याच्या आत आहे. बाहेर नाही!

आणि ज्यांना नोकरी करता करता शिकायचंय त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठं आहेत. दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. इंदिरा गांधी विद्यापीठात इतिहास, इंग्रजी, राज्यशास्त्र अशा विषयांच्या एम.ए.ला पदवी उत्तीर्ण असणं पुरतं. फिजिक्सला प्रयोगशाळा लागते, त्यामुळं दादानं या दाराची आधी नीट चौकशी करावी. पण तुमच्या ओळखीत कुणाची ताई इतिहासात अडली असेल तर तिला जरूर सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दादाला पुढं कॉलेजात शिकवायचं असेल, तर बहुधा ‘नेट’ किंवा आपल्या राज्याची ‘सेट’ परीक्षा द्यावी लागेल. तिथं ५५ टक्क्यांची अट आहे. राखीव प्रवर्गांतल्या आणि दिव्यांग उमेदवारांना ५०. पण हे टक्के कशातले? बी.एस्सी.तले नव्हेत, एम.एस्सी.तले! म्हणजे जी दोन वर्षं अजून सुरूच झाली नाहीत, त्यांतले. नोकरीच्या निवडीत पदवीचे गुणही मोजले जातात, ते विसरू नका. पण ज्या भिंतीला सगळे घाबरतात, तिथं पोचेपर्यंत दादाच्या हातात अजून दोन वर्षं आहेत.

नांदेडच्या एका सरांची गोष्ट

आता थोडी विश्रांती. एक गोष्ट ऐका. ही गोष्ट नांदेडची आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ ही शिवाजी महाराजांवरची कादंबरी असेल. ती उघडून सुरुवातीची पानं पाहा. तिथं एक लांबलचक पत्र आहे. तीच त्या कादंबरीची प्रस्तावना. शिवाजी महाराजांचा अभ्यास कसा करावा, पुरावा कसा तपासावा, हे त्यात एवढं बारकाईनं लिहिलंय की आजही मोठमोठी माणसं ते वाचतात. ते पत्र लिहिणारे गृहस्थ म्हणजे नरहर कुरुंदकर.

कुरुंदकर मूळचे आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंदा गावचे. जन्म १५ जुलै १९३२. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि शिकायला हैदराबाद गाठावं लागे. कुरुंदकरही तिकडं गेले. आणि इंटरच्या परीक्षेत चक्क नापास झाले. इंटर म्हणजे साधारण आपली बारावी समजा. नापास झाले, तेही एकदाच नव्हे! ग्रंथालयातली पुस्तकं मात्र भराभर वाचून होत होती. परीक्षेत नेमकं जे विचारतात तेच तेवढं राहून जात होतं.

मग ते नांदेडला आले. प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. शाळेत शिकवता शिकवता राहिलेल्या पदव्या पूर्ण केल्या, एम.ए. झाले. १९६३ मध्ये नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि पुढं त्याच कॉलेजचे प्राचार्य! १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. आज नांदेडमध्ये कुणालाही ‘कुरुंदकर गुरुजी’ म्हणून विचारा, लोक आदरानं बोलतील.

पण थांबा हं! ‘कुरुंदकर नापास झाले म्हणून मोठे झाले’ असा अर्थ काढाल तर फसाल. नापास झाल्यामुळं कुणी मोठं होत नाही. नापास झाल्यावरही त्यांचं वाचन थांबलं नाही, आणि राहिलेली परीक्षा त्यांनी ‘आपल्याला काय करायचीय’ म्हणून सोडून दिली नाही. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. दुसरी तर विशेष.

वहीवर मिळालेली शिष्यवृत्ती

आणखी एक छोटी गोष्ट. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन तुम्हाला माहीत आहेत. त्यांचं गणित जबरदस्त, पण बाकीच्या विषयांकडं दुर्लक्ष. कॉलेजची शिष्यवृत्ती गेली. एफ.ए.च्या परीक्षेत ते १९०६ आणि १९०७ असे दोन वेळा नापास झाले. पदवी नाही, नोकरी नाही. पुढं मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी मिळाली.

त्यांच्याकडं एकच गोष्ट होती. गणितं लिहिलेल्या वह्या. त्या वह्या ते लोकांना दाखवत राहिले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डींना पत्र लिहून आपली गणितं पाठवली. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठानं महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. कुणाला? ज्याच्याकडं साधी पदवीही नव्हती त्याला! १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि १९१६ मध्ये संशोधनावर त्यांना तिथली बी.ए. मिळाली.

सगळे रामानुजन नसतात, आणि आज नियमही असे सहज वाकत नाहीत. पण यातलं एक आपल्या कामाचं आहे. रामानुजन नुसते ‘मी हुशार आहे’ असं सांगत बसले नाहीत. त्यांनी वही पुढं केली. गुणपत्रिका कमकुवत असेल तर तिच्या शेजारी ठेवायला दुसरा एखादा भक्कम कागद लागतो.

दादाचा दुसरा कागद

तर मैत्रिणी, दादानं आता काय करावं? हे वाचून दाखव त्याला.

एक. आधी सगळे राहिलेले विषय सुटलेत ना, गुणपत्रिकेवर तसं आलंय ना, हे पाहावं. आपल्याकडच्या मुलांना ‘एटीकेटी’ शब्द पाठ असतो, पण सुटलेल्या विषयाची नवी गुणपत्रिका घ्यायची राहून जाते आणि प्रवेशाच्या दिवशी धावपळ होते.

दोन. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं आणि आजूबाजूच्या कॉलेजांचं प्रवेश वेळापत्रक स्वतः वाचावं. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच, स्थापन झालं. त्याचं एक उपकेंद्र तुमच्या लातुरातही आहे. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घरी बसू नये. यादीमागून यादी लागते, काही जागा रिकाम्या राहतात. शेवटच्या फेरीपर्यंत जो हजर असतो त्याला विचारलं जातं.

तीन. ज्या सरांनी दादाला शेवटच्या दोन सेमिस्टरमध्ये काम करताना पाहिलंय, त्यांना जाऊन भेटावं. प्रयोगवही, प्रोजेक्ट घेऊन जावं. सरांचं पत्र लागलं तर ‘हा मुलगा चांगला आहे’ एवढंच नको. ‘यानं अमुक प्रयोग असा केला, अमुक चूक स्वतः शोधली’ असं हवं. परदेशातल्या विद्यापीठांत तर अशी पत्रं, बहुधा तीन, आणि स्वतःविषयीचं निवेदन गुणपत्रिकेबरोबरच मागतात.

चार. मुलाखतीत ‘मार्क का कमी?’ असं विचारलं तर लपवू नये, रडू नये आणि दुसऱ्यावर ढकलूही नये. एवढंच सांगावं : ‘पहिल्या वर्षी संध्याकाळी काम करत होतो, इंग्रजी माध्यम नवं होतं, दोन विषय राहिले. ते सोडवले. शेवटच्या सेमिस्टरला ६१ आहेत.’ बास! तीन वाक्यं. चौथं वाक्य भौतिकशास्त्राचं असावं.

पाच. या वर्षी जमलं नाही तर एक वर्ष प्रवेश परीक्षेला द्यावं. पण ते वर्ष कागदावर आखावं. सकाळी दुकान, दुपारी अभ्यास, दर रविवारी जुना पेपर. पप्पांनाही दुकानात हात मिळेल आणि दादालाही पुस्तक सुटणार नाही.

सहा. ‘पैसे द्या, प्रवेश करून देतो’, ‘मार्क वाढवून आणतो’ असं म्हणणाऱ्याच्या सावलीलाही उभं राहू नये. ५१ टक्क्यांवर आयुष्य उभं राहतं. खोट्या गुणपत्रिकेवर नाही. विद्यापीठ अनोळखी असेल तर ते मान्यताप्राप्त आहे का, हे आधी तपासावं. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगच जाहीर करतो.

आई-बाबांसाठी दोन शब्द

हा मजकूर घरची मोठी माणसंही वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून पप्पांना, काकांना नम्र विनंती.

आपल्या लातूर-नांदेडकडं मार्कांचं वारं फार जोरात वाहतं. बोर्डाची गुणवत्ता यादी निघायची त्या काळात ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर गेलं, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. पण त्या पॅटर्नमध्ये सारख्या चाचण्या कशासाठी घेत? चूक सापडावी आणि ती दुरुस्त व्हावी म्हणून. मुलाला कायमचं मोजून टाकण्यासाठी नव्हे. निकाल लागल्यावर ‘किती पडले?’ हा प्रश्न सगळं गाव विचारतं. ‘कुठं अडलं होतं?’ हा प्रश्न घरानं विचारायचा असतो.

जो मुलगा शेत गेल्यावर काम करून शिकला आणि ४२ वरून ६१ वर आला, त्याला ‘तेव्हाच समजायला पाहिजे होतं’ असं म्हणण्याआधी ते सहा आकडे एकदा ओळीनं वाचा. दुकान वाईट नाही. पण दुकानात बसणं ही शिक्षा म्हणून सांगू नका. मुलगाही दुखावतो आणि दुकानाचाही मान जातो.

आणि मुलगा बोलत नाही, वेळेवर जेवत नाही, हे साधं समजू नका. त्याच्याजवळ बसा. गरज वाटली तर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही, फुकट बोलता येतं.

आता तुझा ता.क.

मैत्रिणी, तुझे ४१. दादाच्या पत्रात तू ते हळूच शेवटी लिहिलेस. पण मला वाटतं, पत्र त्याच्यासाठीच होतं. हो ना?

आज रात्री जेवणं झाली की पेपर घेऊन दादाजवळ जा. ‘मला गणितात ४१ पडलेत, कुठं चुकलं ते बघतोस का?’ असं सरळ विचार. मग दोघं मिळून आईकडं, पप्पांकडं जा. लपवलेले मार्क रोज थोडे थोडे जड होत जातात. सांगितलेले हलके होतात. एखाद्या वेळेस रागावतीलही, पण राग एका रात्रीचा असतो.

आणि तुला कळलं का, दादाचंही काम होईल त्यात. ज्याला सगळे ‘तुझं आता काय होणार’ म्हणतायत, त्याला कुणीतरी ‘मला शिकव’ म्हणेल. वार्षिक परीक्षेनंतर किती पडले ते कळव. चार मार्क वाढले तरी कळव. चाळीस वाढले तर पेढे मात्र लातूरहून पाठव!

या आठवड्याचा उद्योग : गेल्या सहा चाचण्यांतले एकाच विषयाचे गुण एका ओळीत लिहा. सरासरी काढा. मग ओळीकडं पाहून सांगा, तुम्ही जिना चढताय की उतरताय? उतरत असाल तर पहिली घसरलेली पायरी कोणती, ते शोधा. उत्तर मला पाठवलं नाही तरी चालेल. वहीत मात्र लिहून ठेवा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.

तुमची,
ताई